भात्याची मोटार

"हँडल मी मारणार नाय," पुंजा म्हणाला. "मिस्त्रीनं केलंय, मिस्त्रीच मारील."

रघु बॉनेटखाली वाकला होता. त्याने मान वर केली नाही.

"डायवरला सांगा," तो म्हणाला, "हात लावायचा नसंल तर बाहेर जाऊन उभा राहा म्हणावं. फुकट उजेड अडवतोय."

शेडमध्ये त्या दोघांशिवाय तिसरं कुणी नव्हतं. सांगायचं कुणाला? पण गेली दोन वर्षं दोघे असेच बोलत होते, भिंतीला किंवा मोटारीला सांगितल्यासारखे. सोमी होती तेव्हा पुंजा रघुला दाजी म्हणायचा आणि रघु त्याला दादा. सोमी रघुची बायको, पुंजाची धाकटी बहीण. सोमी गेली तशी ही दोन्ही नावं गेली. राहिले मिस्त्री आणि डायवर, दोघेही वालजी शेठच्या नोकरीत, एकाच शेडमध्ये, एकाच मोटारीवर.

रघुने हात पुसले आणि स्वतःच हँडल मारलं. मोटार सुरू झाली. त्याने इंजिन जरा तापू दिलं, मग आत हात घालून ड्रायव्हरशेजारी बसवलेला लोखंडी दांडा खाली ओढला. इंजिनाच्या पुढच्या अंगाला साखळी फिरायला लागली आणि शिट्टी सुरू झाली, आधी बारीक, मग कानात घुसणारी. बाहेर झाडावरचे कावळे उडाले.

वालजी शेठने हे यंत्र मुंबईच्या लिलावातून आणलं होतं. कुणा साहेबाची शर्यतीची मोटार झाडावर आपटून चेंदामेंदा झाली होती, तिच्यातला तेवढाच भाग धड राहिला होता. कलिंगडाएवढी पेटी, आत दोन जाड पाती. ती एकमेकींना न शिवता फिरतात आणि हवा दाबून इंजिनात कोंबतात. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जळतं आणि चार सिलिंडरची मोटार सहाच्या ताकदीने ओढते. साहेब लोक त्याला सुपरचार्जर म्हणत. जव्हारात त्याला पहिल्याच दिवशी भाता हे नाव पडलं, कारण लोहाराचा भाता विस्तवाला करतो तेच हा इंजिनाला करत होता.

नुसता भाता लावून भागत नव्हतं. रघुने इंजिनाचं डोकं उतरवून खाली तांब्याचं जाड पॅकिंग घातलं होतं, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलल्या होत्या, धुराचा पाइप रुंद केला होता. सगळी थंडी त्यातच गेली होती.

शिट्टी चढली, आणि इंजिनाच्या आतून खडखडाट सुरू झाला. डब्यात खडे घालून कुणी हलवावेत तसा. रघुने झटकन दांडा वर केला आणि मोटार बंद केली.

"वाजते तर झ्याक," पुंजा म्हणाला. "तारपा फुंकणाऱ्याच्या जोडीला न्यायची कं लग्नात?"

रघुने पाना उचलला. तो कशासाठी उचलला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात वालजी शेठ आत आला.

वालजी शेठ बोलायला लागला की समोरच्याने बसायचं नाही, उभंही नीट राहायचं नाही, असा त्याचा आवाज होता. "पुढच्या आठवड्यात नाशिकचे वखारवाले येतात," तो म्हणाला. "मोखाड्याला त्यांची लाकडाची तोड चालू आहे. माणसं ने-आण करायला त्यांना सर्व्हिस पाहिजे. दुसरा मोटारवालापण त्यांच्या पाया पडतोय. मी त्यांना आपल्या गाडीत बसवून नदीपासून घाट चढवून आणणार. गाडी भरलेली. आणि घाटात पाणी ओतायला थांबलात, तर दोघांनी दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तोंड दाखवायचं नाही."

"शेठ," रघु म्हणाला, "त्या दिवशी गाडी मी चालवतो."

"का? डायवर मेला काय?" पुंजा म्हणाला.

"गाडी माझ्या हातची हाय."

"आन् घाट माझ्या हातचा हाय. त्यात तुझं काय काम? तू स्क्रू आवळ."

"पुंजा चालवील," शेठ म्हणाला. "त्याचा हात घाटावर बसलाय."

"बसलाय खरा," रघु म्हणाला. "एकदा असाच घाटात बसून राहिला व्हता."

पुंजाचा चेहरा काळा पडला. त्याने जमिनीवरचं हँडल उचललं. उजव्या हाताचा अंगठा वाकडा असल्यामुळे त्याला ते नीट धरता येत नव्हतं, पण मारायला तेवढं पुरे होतं.

"ए," वालजी शेठ म्हणाला. "एकमेकांची डोकी फोडायची ती वखारवाले गेल्यावर फोडा. रघ्या, तू डायवरच्या बाजूला बस आणि तुझा भाता सांभाळ. मला दुसरं काही ऐकायचं नाही."

रघुला ते मान्य करावं लागलं, पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. सोमी गेल्यापासून तो एकच मोठी भाकरी थापायचा. दोन थापल्या की दुसरीकडे बघत बसावं लागायचं. आज त्याने ती एकही तव्यावरच करपू दिली.

दोन वर्षांपूर्वी सोमी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, घाटाखाली नदीकाठच्या पाड्यावर. तिथे ती अडली. सुईणीने हात टेकले. पुंजा मोखाड्याहून शेठची हीच मोटार रिकामी घेऊन येत होता. त्याने बहिणीला मागच्या सीटवर निजवलं आणि जव्हारच्या दवाखान्याची वाट धरली.

घाटाच्या मध्यावर, एका वळणावर वाघोबा आहे. शेंदूर फासलेला उभा दगड. येणारा-जाणारा तिथे थांबतो, झाडाची हिरवी डहाळी मोडून वाघोबाला वाहतो, मग पुढे जातो. बैलगाडीवाले तिथे आले की बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांना फडकं बांधतात. मोटारी आल्या तेव्हा पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं, की मोटार तिथे बंद करायची. वाघोबापुढे दुसऱ्या कुणी गुरगुरायचं नाही. डायवर लोकांनी ते मानलं. त्या चढावर तापलेलं इंजिन बंद केलं की ते पुन्हा सुरू करताना घाम निघतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मानलं.

पुंजाने त्या दिवशी वाघोबाशी मोटार बंद केली. ती पुन्हा सुरू झालीच नाही. मारता मारता हँडल उलटं आलं आणि त्याचा अंगठा मोडला, तरी तो डाव्या हाताने मारत राहिला. सोमी त्या वळणावरच गेली. पोटातलं मूलही तिच्याबरोबर गेलं. रघु तेव्हा वर जव्हारला, शेडमध्ये होता. निरोप आला तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या तरी मोटारीचे ब्रेक बांधत होता.

पाडा म्हणाला, मिस्त्रीची मोटार नासकी, तिनं पोर मारली. रघु म्हणाला, बाई अडलेली असताना जो चढावर मोटार बंद करतो, त्यानं मारली. तेराव्याच्या दिवशीच हे बोलणं झालं. नंतर त्यात कुणी काही भर घातली नाही आणि कुणी काही मागेही घेतलं नाही.

वालजी शेठला भाता हवा होता तो वखारवाल्यांना दिपवायला. रघुला त्याच्याकडून वेगळंच काम हवं होतं. भरलेली मोटार वाघोबाच्या चढावर बंद करायची, आणि एका हँडलात सुरू करून तिथून उचलायची. हे एकदा लोकांसमोर झालं, की रघु मिस्त्रीच्या हातात खोट होती असं म्हणायला कुणाला तोंड राहणार नाही.

पण स्टिअरिंग पुंजाच्या हातात असलं तर? मोटार चढली तर लोक म्हणतील, डायवर तर तोच आहे, म्हणजे तेव्हा मोटारच वाईट होती. नाही चढली तर म्हणतील, मिस्त्री तोच आहे. दोन्हीकडून मार रघुलाच. पुंजालाही हे कळत होतं. म्हणून तर तो स्टिअरिंग सोडत नव्हता.

खडखडाटाचा इलाज रघुला माहीत होता. तो काही दिवस मुंबईत एका गॅरेजात होता. तिथे शर्यतीच्या मोटारींच्या पेट्रोलमध्ये स्पिरिट मिसळत. स्पिरिटने इंजिन आतून गार राहतं, ठोका येत नाही. जव्हारात स्पिरिट मिळणार नव्हतं. पण मोहाची पहिल्या धारेची दारू मिळत होती, आणि ती पुन्हा एकदा भट्टीवर उतरवली तर स्पिरिटाचं काम करील असं त्याला वाटत होतं. अडचण एकच होती. साऱ्या घाटात बिनपाण्याची दारू उतरवणारी एकच बाई होती, बायडी. त्याची सासू.

तो घाट उतरून पाड्यावर गेला. बायडी अंगणात सुपात मोहाची सुकी फुलं निवडत बसली होती. शेजारची पारू तिच्यासोबत होती. बायडीने जावयाकडे पाहिलं आणि पुन्हा सुपात पाहिलं. बस म्हणाली नाही. पाणीही विचारलं नाही. घाटाखाली वैऱ्यालासुद्धा पाणी विचारतात.

"आत्या, दारू पायजे," रघु म्हणाला.

"प्यायला लागलास?"

"मोटारीला पायजे."

बायडीचा हात थांबला. "माझी पोर खाल्ली तिनं," ती म्हणाली. "आता दारू बी पिते?"

"खाल्ल्यावर पिणारच कं," पारू म्हणाली.

"पहिल्या धारेची," रघु सांगत राहिला. "तीच परत एकदा उतरवायची. पाण्याचा थेंब नको. पेट्रोलात घालायची हाय. नाय घातली तर इंजिन आतल्या आत ठोकतं. एखाद दिवशी फुटंल."

"फुटू दे. मना काय त्याचं?"

"पुंजा चालवणार हाय."

आता बायडीने सूप खाली ठेवलं.  

"दुसऱ्या पाड्यावर दारू नाय मिळत?" बायडीने विचारलं.

"मिळते. पाणी घालतात."

"आन् मी?"

"तू नाय घालत."

"गोड बोलू नको. सोमीला मागायला आलास तवा बी असाच गोड बोललास." ती उठली. "बाजाराच्या दिवशी ये. अंगणात यायचं नाय. कुडाच्या भायेर उभं राहायचं."

बाजाराच्या दिवशी रघु पत्र्याचा डबा घेऊन अंगणाच्या कुडाबाहेर उभा राहिला. पारू दारू आणून देईल असं त्याला वाटलं होतं, पण बायडी स्वतः मडकं घेऊन आली. तिने थोडी दारू दगडावर ओतली आणि चुलीतलं जळतं काटूक तिला लावलं. निळी ज्योत उठली, थरथरली, विझली. दगड कोरडा राहिला.

"हात लाव," ती म्हणाली.

रघुने हात लावला. ओल नव्हती.

"बघून घेतलंस? माझ्या दारूत खोट नाय. पुढं काय झालं तर ते तुझं. माझ्या दारात येऊन बोलायचं नाय."

"नाय बोलणार."

तिने दारू डब्यात ओतली. शेवटचा थेंब पडेपर्यंत मडकं तिरकं धरून ठेवलं, मग पाठ फिरवून आत गेली.

स्पिरिटासाठी पेट्रोल जाण्याचं भोकही मोठं करावं लागतं. रघुने कारबोरेटरचा जेट काढला, कानशीच्या बारीक टोकाने तो थोडा थोडा वाढवला, लावला, सुरू केला, काढला, पुन्हा वाढवला. पेट्रोलात दारू मिसळून त्याने दांडा खाली ओढला तेव्हा शिट्टी चढत गेली आणि खडखडाट झाला नाही. धुराला मोहाचा वास येत होता. रस्त्याने जाणारे लोक थांबून हुंगायला लागले.

"गाडी पिऊन आलीय," एकजण म्हणाला.

"डायवर आन् मिस्त्री तेवढे शुद्धीत ऱ्हावेत," दुसरा म्हणाला.

पुंजा शेडच्या दारात उभा होता. त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली, शिट्टी ऐकली, बॉनेटवर हात ठेवून थरथर बघितली. चांगलं झालंय असं म्हणण्याची त्याची तयारी नव्हती आणि वाईट झालंय म्हणता येत नव्हतं. तो थुंकला आणि निघून गेला.

वखारवाल्यांच्या दिवशी सकाळी दोघे रिकामी मोटार घेऊन घाट उतरले. उतरताना वाघोबाशी थांबले, पुंजाने डहाळी वाहिली. तोवर दोघांत एक शब्द झाला नव्हता. नदीच्या उताराशी पोचल्यावर रघु बोलला.

"येताना वाघोबाशी थांबव. बंद कर. हँडल मी मारीन. एकदाच मारीन."

"आन् नाय सुरू झाली तर?"

"तर तू जिंकलास."

पुंजा हसला. त्या हसण्यात गंमत नव्हती. "आन् झाली तर?"

रघु उतरून इंजिनात पाणी भरायला लागला.

वखारवाले आपल्या मोठ्या सहा सिलिंडरच्या मोटारीतून आले. ती मोटार त्यांच्या डायवरने मागून आणायची आणि ते वालजी शेठच्या मोटारीत बसायचे, असं ठरलं होतं. वखारवाले अंगाने एवढे भारी होते, की ते बसले तशी मोटार एका बाजूला कलली. त्यांचे दोन कारकून, वालजी शेठ, आणि मागे तांदळाच्या गोण्या. रघु पुंजाच्या बाजूला बसला. उजव्या हाताशी भात्याचा दांडा, डाव्या हाताशी तेलाचा लहान पंप. चढावर भात्याच्या पात्यांना तेल कमी पडू नये म्हणून तो सारखा मारत राहावा लागणार होता.

"ही चढेल?" वखारवाल्यांनी विचारलं. "मला तर वाटतं आपण उतरून ढकलावं."

"तुम्ही आरामात बसा," वालजी शेठ म्हणाला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

नदी मागे पडली. पहिला चढ आला. पुंजाने गिअर बदलला आणि समोर बघतच म्हणाला, "घाल."

रघुने दांडा खाली ओढला.

शिट्टी सुरू झाली आणि मोटारीने मागून कुणी ढकलल्यासारखी उचल घेतली. एका कारकुनाची टोपी मागे गोणीवर पडली. जिथे नेहमी पहिल्या गिअरात रखडत जावं लागायचं, तिथे मोटार दुसऱ्यात जात होती आणि पुंजाने पाय पूर्ण दाबलाही नव्हता. वळणं पुंजाने घेतली ती मात्र त्यानेच घ्यावीत अशी. चाक दरीच्या काठाला लागत नव्हतं आणि डोंगरालाही लागत नव्हतं. रघुला ते दिसत होतं. दिसत होतं म्हणून त्याला आणखी राग येत होता.

"तेल," पुंजा म्हणाला.

"मारतोय. तू रस्ता बघ."

"पाणी उकळंल."

"नाय उकळणार."

पाणी उकळलं नाही. मागे वळून बघितलं तर वखारवाल्यांची मोठी मोटार एक वळण खाली राहिली होती, मग दोन वळणं. वखारवाले पुढे वाकले.

"अरे, ही काय खाऊन आलीय?"

"पिऊन आलीय, साहेब," पुंजा म्हणाला, आणि वालजी शेठ मोठ्याने हसला.

रघुचं लक्ष इंजिनाकडे होतं. एका हाताने पंप मारत तो ऐकत होता. चारही सिलिंडर एकसारखे बोलत होते. ठोका नाही, खोकला नाही, साखळीचा ताण बरोबर. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हाताखाली एखादी गोष्ट हवी तशी चालली होती. ती थांबूच नये असं वाटत होतं.

वाघोबाचं वळण समोर आलं.

पुंजाने पाय थोडा उचलला. शिट्टी खाली आली. त्याने रघुकडे बघितलं. थांबायचं असेल तर आधी दांडा वर करायला हवा होता, आणि दांडा रघुच्या हातात होता.

"थांबू नका," वखारवाले म्हणाले. "बघू तरी किती ओढते."

"चल, चल," वालजी शेठ म्हणाला.

पुंजा अजून रघुकडेच बघत होता. रघुने दांड्यावरचा हात हलवला नाही. मग पुंजाने समोर बघितलं आणि पाय दाबला.

शेंदराचा दगड बाजूने गेला. त्याच्यावरच्या डहाळ्या, सकाळची पुंजाची आणि आधीच्या वाळलेल्या, वाऱ्याने उडाल्या. तिथे लाकडाच्या मोळ्या उतरवून दोन बाया उभ्या होत्या. त्या मोटारीकडे बघत राहिल्या. एकीच्या हातात नुकतीच मोडलेली डहाळी होती.

माथ्यावर पोचेपर्यंत रघु पंप मारत राहिला.

माथ्यावरच्या माळावर वखारवाले खाली उतरले आणि त्यांनी बॉनेट थोपटलं. वालजी शेठला काय करू नि काय नको झालं होतं. "रघ्या," तो म्हणाला, "उद्यापासून या घाटात गाडी थांबवायची नाही. कुणासाठी नाही. तेच आपल्या सर्व्हिसचं नाव होईल." मग मागची मोठी मोटार वाफा सोडत वर आली. तिला पाणी पाजून झाल्यावर सगळे तिच्यात बसले, तांदळाच्या गोण्याही तिच्यात घातल्या, आणि शेठ जेवणाचा बेत सांगत जव्हारकडे निघून गेला. इंजिन निवलं की भात्याची मोटार घेऊन या, असं तो या दोघांना सांगून गेला.

माळावर कुणी उरलं नाही. तापलेलं लोखंड टिकटिक वाजत होतं. पुंजा पायरीवर बसून विडी वळायला लागला. वाकड्या अंगठ्यामुळे ती त्याला नीट वळता येत नव्हती.

"थांबला नाहीस," रघु म्हणाला.

या खेपेला तो भिंतीला बोलला नाही. पुंजाने वर बघितलं.

"बहीण मागं मरत व्हती तवा तुला वाघोबा दिसला," रघु म्हणाला. "आज शेठ बसला व्हता, तर नाय दिसला. तवा एवढा पाय दाबला असतास तर ती आज असती. पोर असतं. चालत असतं आता."

पुंजाने विडी फेकून दिली. तो उठला तेव्हा रघुला वाटलं, आता हा मारणार. रघुही तयार होता. त्याला ते हवंच होतं.

"मी नाय थांबलो तवा," पुंजा म्हणाला.

"कोण थांबलं मग?"

"तिनं थांबवलं."

रघु पायरीवर टेकला.

"वळण आलं तशी ती बोलली, दादा, थांब. मी म्हटलं, सोमे, आज राहू दे, वाघोबा समजून घेईल. तर म्हणाली, आजच कसं राहू दे? मी काय परकी हाय कं? पोराचा पहिला परवास हाय. उतरता येत नव्हतं तिला. मी डहाळी मोडली, तिच्या हाताला लावली, मग वाहिली. इंजिन बंद कर, असंबी तीच बोलली. गुरगुर नको म्हणाली." पुंजाचा आवाज चढला. "मग मारलं हँडल. किती मारलं ते त्या दगडाला विचार."

"खोटं."

"खोटं? तुझ्या संग राहिली ना ती? वाघोबावरनं तशीच गेली असती कं? सांग तू. तुझी बायको व्हती."

 सोमी बाजाराला उशीर होत असला तरी तिथे थांबायची. अंगात ताप असताना एकदा बैलगाडीतून उतरली होती. मी काय परकी हाय कं, हे बोलणं दुसऱ्या कुणाला बनवता आलं नसतं.

"मग दोन वरसं बोलला का नाहीस?"

"मेलेल्या माणसावर घालू?" पुंजा म्हणाला. "तू मला बोलत व्हतास, बोल. मी तुला बोलत व्हतो. तिच्याकडं कोण बोट दाखवत नव्हतं. आयेला बी नाय सांगितलं." तो जवळ आला. "आन् आज माझं काढतोस? दांडा कोणाच्या हातात व्हता? मी बघितलं तुझ्याकडं. दोनदा बघितलं. शेठ बोलला चल, ते मी ऐकून सोडलं असतं. तू का नाय बोललास थांब म्हणून?"

रघुने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. दांडा घट्ट धरून तळव्याला वळ पडला होता. मोटार कशी चालली होती, एवढंच त्याला आठवत होतं. ती चालत असताना, ते वळण जाईपर्यंत, त्याला सोमी आठवली नव्हती.

"जा," पुंजा म्हणाला. "जाऊन सांग पाड्याला, गाडी झ्याक झालीय म्हणून."

रघु उठला. त्याने अंगरख्याच्या बाहीला हात पुसले. हँडल मोटारीच्या पायरीवर ठेवलं आणि रस्त्याला लागला, जव्हारकडे नाही, घाटाकडे.

"कुठं निघालास?" पुंजा मागून ओरडला. "शेठ वाट बघंल."

रघु चालत राहिला. ऊन चांगलंच तापलं होतं आणि खडी वहाणांतून लागत होती. पहिलं वळण उतरून झाल्यावर रस्त्याच्या कडेला ऐनाचं झाड होतं. त्याने हाताला येईल अशी डहाळी बघितली, मोडली आणि पुढे निघाला.

थोड्या वेळाने त्याला मागे खडी चुरडल्याचा आवाज आला. मोटार येत होती. शिट्टी नव्हती, इंजिनही नव्हतं. पुंजाने ती बंद ठेवून उतारावर नुसती सोडली होती. ब्रेक घासल्याचा तेवढा आवाज येत होता. इथून खाली नेलेली मोटार पुन्हा वर चढवायची तर चढावरच हँडल मारावं लागणार, हे दोघांनाही माहीत होतं.

रघुने मागे बघितलं नाही. मोटारीला जागा मिळावी म्हणून तो रस्त्याच्या कडेला सरला. मोटार पुढे गेली नाही. माणसाच्या चालीने ती त्याच्या मागोमाग उतरत राहिली.